मेकॅनिकलला जाताय? ‘यंत्रांची आवड’ एवढ्यावर थांबू नका, या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागून कॅप राउंडचे (प्रवेशाच्या फेऱ्यांचे) फॉर्म सुरू झाले की ओळखीतली मुलं माझ्याकडे येतात. माझी आधीची वर्षं कारखान्यात गेली, नंतरची शिकवण्यात. म्हणून घरचे म्हणतात, सरांना एकदा विचारून ये. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवतो. अर्धं पान लिही : मेकॅनिकल इंजिनिअरिंगच का, आणि चार वर्षांत काय करणार? बहुतेक कागदांवर पहिलं वाक्य एकच असतं. “मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे.”

आवड खरीच असते, पण ती अर्धीच सांगितलेली असते. गाडी चालवायला आवडणं वेगळं आणि गाडीचा क्लच घसरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळेपर्यंत चैन न पडणं वेगळं. चार वर्षं निभतात ती या दुसऱ्या आवडीवर.

मागे मिरजेकडची एक मुलगी आली होती. तिच्या वडिलांचं पंप दुरुस्तीचं दुकान. तिनेही तेच वाक्य लिहिलं होतं. मी विचारलं, दुकानात तू काय पाहिलंस ते सांग. मग ती भडाभडा बोलायला लागली. बोअरचा पंप येतो, मोटर व्यवस्थित फिरते, करंट ठीक आहे, पण पाणी कमी पडतं. वडील पंप खोलतात तर पंख्यांच्या कडा झिजून सुरीसारख्या पातळ झालेल्या. बोअरमधून बारीक वाळू येते, ती रोज घासते. “मग पंखा दुसऱ्या धातूचा का नाही करत? आणि त्याच बोअरमध्ये एका बाजूचीच कड जास्त का झिजते?”

मी तिला म्हटलं, हेच लिही. या दोन प्रश्नांत फ्लुइड मेकॅनिक्स आहे, मटेरियल सायन्स आहे, मशीन डिझाइन आहे. तिचा नवा कागद असा सुरू झाला : “आमच्याकडे येणाऱ्या पंपांचे पंखे वाळूने झिजतात. ते कुठे आणि का झिजतात, हे मला मोजून सांगता यायला हवं.” कागदात पुढे कुठल्या वर्षी काय शिकायचं, हे मला सांगावं लागलं नाही. ते त्या प्रश्नातूनच येत गेलं.

तुमच्याकडे पंपाचं दुकान नसेल. घरातलं मिक्सर, शेजारची पिठाची गिरणी, सायकलचं मागचं चाक, काहीही चालेल. पण असा एक बिघाड शोधा, ज्याचं कारण तुम्हाला अजून सांगता येत नाही.

गणित नको म्हणून मेकॅनिकल

ही चूक दरवर्षी भेटते. “कॉम्प्युटरला डोकं लागतं, मेकॅनिकलला हात” असं कुणीतरी सांगितलेलं असतं. गणिताचे एम-वन, एम-टू, एम-थ्री आले की या मुलांचा धीर सुटतो. कपातला चहा निवतो तेव्हा आधी भराभर निवतो, मग सावकाश. कारण चहा आणि हवा यांच्या तापमानातला फरक कमी होत जातो. ही गोष्ट लिहायची म्हटली की डिफरन्शियल इक्वेशन आलंच. तिसऱ्या वर्षाच्या हीट ट्रान्सफरमध्ये हेच समीकरण इंजिनाच्या भागांना लावायचं असतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना इथे जास्त जपावं लागतं. त्यांचा हात बसलेला असतो, मशीनची भीती नसते, पण डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांच्या वाट्याला आलेलंच नसतं. प्रवेश पक्का झाला त्या दिवसापासून वर्ग सुरू होईपर्यंत रोज दीड तास फक्त इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन करा. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे.

ड्रॉइंगच्या शिट उतरवून काढणं

पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शिट एकाच्या बघून दहा जण काढतात. सही मिळते, पण डोळा तयार होत नाही. आपल्याकडे फर्स्ट अँगलची पद्धत आहे, म्हणजे टॉप व्ह्यू हा फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, तिथे तो वर येतो. कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं आणि कोपऱ्यातली कापलेल्या शंकूची खूण कुणी पाहिली नाही, की भोक डावीकडे हवं तिथे उजवीकडे पडतं. मी असा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, हातात धरला आहे. मापं सगळी शंभर टक्के बरोबर, आणि पूर्ण लॉट भंगारात.

म्हणून घरात बघून काढायला ठोकळा नसेल तर साबणाची वडी घ्या, सुरीने तिला खाच पाडा आणि तिचे तिन्ही व्ह्यू स्वतः काढा. लोखंडी नांगर बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना उभारण्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवत होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नांगर लोखंडात उतरण्याआधी तो कागदावर नीट दिसावा लागतो.

वर्कशॉपचा जॉब दुसऱ्याकडून करून घेणं

फिटिंगच्या तासाला कानस मारून हात दुखतात, म्हणून मुलं आयता जॉब मिळवतात. त्यात जातं काय, ते सांगतो. नवख्या माणसाची कानस पुढे जाताना खाली झुकते आणि मागे येताना वर उचलली जाते. त्यामुळे पृष्ठभाग सपाट न होता मधे फुगतो. डोळ्याला ते कळत नाही. जॉबवर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) ठेवून उजेडासमोर धरला की दोन्ही टोकांना बारीक फट दिसते. ती फट घालवायला किती वेळ लागतो, हे ज्याने स्वतः अनुभवलंय, तो पुढे ड्रॉइंगवर उगाच कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहीत नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच. कॅडचा कोर्स जरूर करा, पण दुसऱ्या वर्षानंतर. आटे कसे पाडतात हे न पाहिलेला मुलगा स्क्रीनवर असा भाग काढतो की तिथे आटे पाडायचा टॅप पोहोचूच शकत नाही.

गेट, जर्मनी, सरकारी नोकरी, एमबीए : सगळंच एका कागदावर

तिसऱ्या वर्षापर्यंत दोन वाटा उघड्या ठेवायला हरकत नाही, चार नकोत. गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा, तिसऱ्या वर्षापासून देता येते. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यातले १५ गुण जनरल अॅप्टिट्यूडचे, बाकीचे गणित आणि सेमिस्टरमध्ये शिकलेलेच विषय. म्हणजे वेगळा क्लास लावण्याआधी चालू विषयाची गणितं मनापासून सोडवणं, हीच पहिली तयारी.

जर्मनीचं स्वप्न असेल तर फक्त ‘फी नाही’ एवढं ऐकून निघू नका. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी लावली. तिथली विद्यापीठं मार्कशीटवर गणित आणि मेकॅनिक्सचे क्रेडिट किती, हेही बघतात. शिवाय भाषा. ती पहिल्या वर्षापासून सुरू केली तरच शेवटच्या वर्षी उपयोगाला येते.

आधीच अडकला असाल तर

केटी लागलेली (विषय राहिलेली) मुलं मान खाली घालून येतात. त्यांना मी आधी विषयांचा क्रम विचारतो. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स राहिला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तोच उचला, कारण मशीन डिझाइन त्याच्याच खांद्यावर उभं आहे. बीमवर भार टाकून शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या रोज दोन काढा, पुस्तक मिटून.

आणि विषयातला रसच गेला असेल तर एका सुट्टीच्या दिवशी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा आणि एक जुनं बेअरिंग मागून आणा. त्यावर ६२०४ लिहिलेलं असेल. शेवटच्या ०४ ला पाचाने गुणा, आतलं भोक २० मिलिमीटर. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून बघा. मग ६२०३ आणा. हिशेबाने १५ यायला हवं, पण येतं १७. पाचाचा गुणाकार ०४ पासून पुढेच चालतो, त्याआधीची मापं वेगळी ठरवलेली आहेत. शाफ्ट या भोकापेक्षा किंचित जाड का ठेवतात आणि बसवताना बेअरिंग गरम का करतात, हे त्या दुकानातल्या मिस्त्रींना विचारा. ते सांगतील ते वहीत लिहून घ्या आणि सोमवारी लिमिट्स अँड फिट्सचं प्रकरण उघडा.