मुलांच्या चित्रांतून आणि गोष्टींतून त्यांचं मन कसं ओळखावं

सांगलीतल्या मुलाने घर पाण्यात बुडालेलं काढलं म्हणून ते घाबरलंय असं लगेच धरू नका. २०१९च्या महापुरानंतर पावसाळ्यात घरोघरी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे याचीच चर्चा असते. ४५ फूट म्हणजे धोका, हे चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. ते चित्रात उतरणारच. बघायचं ते चित्राबद्दल मूल काय सांगतं.

कोरे ए-फोर कागद, पेन्सिल आणि १२ तेलखडू पुरेत. काळा-तपकिरी बाजूला काढू नका. २०-२५ मिनिटं द्या. विषय एवढाच: 'घरातले सगळे काहीतरी करताना काढ.' मध्येच 'झाडाला हिरवा दे' म्हणालात की चित्र तुमचं झालं.

मग विचारा, 'यात काय चाललंय?' हा कोण? याला आत्ता कसं वाटतंय? याआधी काय झालं, पुढे काय होईल? उत्तरं मुलाच्याच शब्दांत कागदामागे लिहा, तारीख टाका. 'बाबांना का नाही काढलंस?' असा जाब नको. 'घरात अजून कोण असतं?' विचारा. पुष्कळदा कारण 'जागाच उरली नाही' इतकं साधं निघतं.

काळा रंग म्हणजे दुःख, हा सगळ्यात मोठा गैरसमज. काळी रेघ पांढऱ्यावर उठून दिसते, म्हणून मुलं तो खडू उचलतात. चार वर्षांच्या मुलाच्या माणसाला डोक्यातूनच पाय फुटतात, हात नसतात. त्या वयात तसंच काढतात.

जे मूल बोलत नाही, त्याला गोष्ट पुरी करायला द्या. 'मांजराच्या पिल्लाला रात्री जाग आली. आई जवळ नव्हती.' पुढचं त्याने सांगायचं. संकट कुठल्याही गोष्टीत येतं. पिल्लू कुणाला हाक मारतं आणि कुणी येतं का, ते ऐका.

आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे करा. कागद व्हॉट्सॲपवर फिरवू नका, नाहीतर पुढच्या वेळी डोंगर, सूर्य आणि झोपडीच मिळेल. तोच प्रसंग जराही न बदलता येत राहिला, शिवाय झोप मोडणं, अंथरूण ओलं होणं, शाळा नको म्हणणं असेल, तर कागद घेऊन मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

मारहाण किंवा नको तो स्पर्श मुलाने सांगितला तर खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं कबूलही करू नका. शांतपणे ऐका, शब्द जसेच्या तसे लिहा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.