किराण्यात कुपन वापरून खरोखर पैसे कसे वाचवायचे

कुपनने पैसे वाचतात, नक्की वाचतात, फक्त क्रम सांभाळायला हवा. आधी यादी, मग कुपन. आपण नेमकं उलटं करतो, ऑफर दिसली की वस्तू घ्यायची ठरवतो आणि वर म्हणतो की एवढे वाचले. न लागणारी वस्तू अर्ध्या किमतीत आणली तरी खिशातून पैसे गेलेलेच असतात ना. म्हणून आधी घरातले डबे उघडून बघा, काय संपत आलंय, पुढचे दोन-तीन आठवडे काय लागणारे, ते लिहून काढा आणि मगच कुपन शोधायला बसा.

आता सगळी कुपनं सारखी नसतात. काही वस्तू बनवणाऱ्या कंपनीने काढलेली असतात, त्यातली सूट दुकानदार आपल्याला देतो आणि नंतर कंपनीकडून वसूल करतो. काही दुकानाची किंवा ॲपची स्वतःची, ती तिथेच चालतात. तिसरी बँकेच्या कार्डावरची किंवा पेमेंट ॲपची. हे माहीत असलेलं बरं, कारण काही ठिकाणी एकाच वस्तूवर कंपनीचं एक आणि दुकानाचं एक अशी दोन्ही लागतात, वर कार्डाची सूट वेगळी, पण एकाच प्रकारची दोन सहसा लागत नाहीत. प्रत्येक दुकानाचा नियम वेगळा असतो, त्यामुळे काउंटरवर सरळ विचारायचं, त्यात संकोच कसला.

खरी मेख बारीक अक्षरांत असते. समजा मोठ्या अक्षरात लिहिलंय 20 टक्के सूट आणि खाली बारीक लिहिलंय कमाल 100. म्हणजे 500 चं बिल झालं की तुमचे 100 पूर्ण मिळाले, तिथून पुढे कितीही सामान टाका, सूट तेवढीच. 800 च्या बिलावर तीच सूट साडेबारा टक्के होते आणि 1000 वर 10 टक्के. म्हणून कमाल रकमेला टक्क्याच्या आकड्याने भागून 100 ने गुणायचं, म्हणजे कुठे थांबायचं तो आकडा मिळतो, बाकीचं सामान दुसऱ्या कुपनवर किंवा पुढच्या खेपेला. फक्त घरपोच मागवत असाल तर दोन ऑर्डरींचा डिलिव्हरी चार्ज दोनदा लागेल का ते बघा, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

किमान बिलाची अट असते तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. कार्टमध्ये 540 चं सामान आहे, 600 झाले की 50 सूट. यादीतलीच 60 ची वस्तू, जी पुढच्या आठवड्यात घ्यावीच लागणार होती ती आत्ता टाकली तर 550 भरायचे, म्हणजे ती वस्तू 10 ला पडली, झकास. पण तेच कार्टमध्ये 400 चं सामान असेल तर 50 साठी आणखी 200 चं भरावं लागतं, म्हणजे 150 जास्तीचे गेले. अशा वेळी कुपन सोडून द्यायचं, मला तरी त्यात काही वाईट वाटत नाही. आणि हो, किमान रक्कम सूट वजा करायच्या आधीची मोजतात की नंतरची, त्यात डिलिव्हरी चार्ज धरतात का, हे पैसे भरायच्या आधी बघून घ्या.

दोन सवलती एकत्र लागत असतील तर क्रमाने फरक पडतो. 1000 च्या बिलावर 20 टक्के आणि सरळ 100 अशा दोन सवलती आहेत. आधी टक्के लावले तर 800, मग 100 वजा, 700. आधी 100 वजा केले तर 900, त्याचे 20 टक्के गेले की 720. म्हणजे आपल्याला टक्के आधी लागलेले परवडतात, क्रम आपल्या हातात असेल तर तसंच करायचं. आणि 50 टक्के अधिक 20 टक्के म्हणजे 70 नव्हे, 60 च होतात. दोनवर एक फुकट म्हणजे 33 टक्केच, तेही तिन्ही वापरून संपणार असतील तर, त्यापेक्षा एकावरच 40 टक्के सूट असेल तर ती चांगली.

अजून एक, पाकिटाची किंमत बघू नका, दर 100 ग्रॅमला किंवा दर 100 मिलीला किती पडतं ते काढा, मोबाईलवर दोन सेकंदांचं काम आहे. कुपन बऱ्याचदा महागड्या ब्रँडचं असतं, आणि सूट धरूनही तो शेजारच्या साध्या ब्रँडपेक्षा महाग निघतो. शिवाय नवीन पाकीट जुन्याएवढंच दिसत असलं तरी आतलं वजन कमी झालेलं असू शकतं, म्हणून वजनाचा आकडा वाचायचाच.

साठा करायचा तर साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट असल्या टिकणाऱ्या गोष्टींचा. त्यांचं चांगलं कुपन आलं की दोन-तीन महिन्यांचं घेऊन ठेवा. नाशवंत वस्तूंच्या ऑफर कितीही गोड दिसल्या तरी संपेल तेवढंच, फेकून दिलेल्या वस्तूवर सूट कितीही मिळाली तरी उपयोग नाही. कुपनांच्या मुदती एका जागी लिहून ठेवा, लवकर संपणारं सगळ्यात वर.

मेसेजमध्ये फॉरवर्ड होऊन आलेल्या फुकट किराण्याच्या लिंका उघडू नका. कुपन वापरायला ओटीपी, पिन किंवा कार्ड नंबर मागत असेल तर ते कुपन नाहीच, ताबडतोब बंद करा. कोड दुकानाच्या स्वतःच्या ॲपवर किंवा पाकिटावर असेल तोच घ्यायचा.

कॅशबॅक आणि सूट यातही गल्लत नको. सूट लगेच बिलातून जाते, कॅशबॅक नंतर येतो, कधी फक्त त्याच ॲपमध्ये वापरता येतो आणि त्यालाही मुदत असते, त्यामुळे दोन्ही सारखे दिसत असतील तर मी सूटच घेईन.

पैसे भरायच्या आधी बिलात कुपनची ओळ आली का, रक्कम बरोबर कापली का ते बघा, काउंटरवरून हलल्यावर दुरुस्ती करून घेणं जड जातं. बिल आठवडाभर तरी जपून ठेवा, कारण एखादी वस्तू परत करायची वेळ आली तर बऱ्याच ठिकाणी तिच्या वाट्याची सूट वजा करूनच पैसे देतात, आणि परत केल्यावर बिल किमान रकमेच्या खाली गेलं तर पूर्ण सूटही परत मागू शकतात.