शेवंतीला अंधार लागतो: कुंडीतल्या शेवंतीचं वर्षभराचं काम

मार्गशीर्षात बुधवारी संध्याकाळी फुलवाल्याकडे जाऊन बघा, शेवंतीचा भाव ऐकला की रिकामी पिशवी तशीच घडी घालून परत यावंसं वाटतं. असंच एकदा परत आले आणि ठरवलं की आता घरीच लावायची. आणि शेवंती म्हणजे काही नखरेवालं झाड नाही हो, वाईला मावशीच्या परसात धुणं धुवायच्या दगडाशेजारी कुणी न विचारता वाढायची आणि थंडीत पिवळीधम्मक व्हायची. मी दोन वर्षं कुंडी सांभाळली, पाला कसा तर बघत राहावा असा, आणि फूल एकही नाही.

मग काय काय केलं ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. माती बदलली, केळीच्या सालीचं पाणी घातलं, खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले म्हणून आंबट ताक घातलं (मुंग्या आल्या, बाकी काही नाही). तिसऱ्या वर्षी वाईहून मावशी राहायला आली, रात्री पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, अगं ह्या झाडाला झोपू तरी देता का तुम्ही. कुंडी होती पॅसेजच्या कठड्यावर आणि बरोबर तिच्या डोक्यावर सोसायटीची ट्यूबलाइट, रात्रभर चालू.

तर भानगड अशी आहे. शेवंतीला कळी धरायला मोठी आणि सलग रात्र लागते. पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकराच्या आसपास येतो, आणि रात्र वाढत जाते तसं पानांना ते कळतं, तिथून शेंड्याला निरोप जातो की आता पाला बास, कळ्या काढ. मध्येच उजेड पडत राहिला की झाडाच्या हिशोबात ती रात्र लहानच, मग ते आपलं पाला वाढवत बसतं. पॉलिहाऊसवाले ह्याच गोष्टीवर धंदा करतात, फूल लांबवायचं असेल तर मध्यरात्री काही तास दिवे लावतात आणि लवकर हवं असेल तर संध्याकाळीच वरून काळं कापड ओढतात, म्हणून बिनसीझनची शेवंती मिळते. मी तेच दिवे सोसायटीच्या बिलावर लावून बसले होते.

म्हणून सगळ्यात आधी जागा. दिवसा पाच-सहा तास ऊन आणि रात्री अंधार, दोन्ही पाहिजे. रात्री दहाला कुंडीशेजारी उभं राहून पेपर उघडा, बारीक अक्षर वाचता आलं तर ती जागा बाद. रस्त्याचा दिवा, शेजाऱ्यांच्या बाल्कनीतला दिवा, आपल्याच हॉलमधून बारापर्यंत पडणारा उजेड, सगळं मोजायचं. दुसरी जागाच नसेल तर सप्टेंबर अखेरपासून रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचं मोठं खोकं पालथं घालायचं आणि सकाळी आठला काढायचं, कळीला रंग दिसेपर्यंत, म्हणजे सहा-आठ आठवडे. मी एक वर्ष टीव्हीच्या खोक्याने केलंय. कंटाळा येतो, एखाद्या दिवशी विसरायला होतं, पण फुलं आली.

आता रोप कुठून आणायचं. दिवाळीच्या सुमारास नर्सरीत ज्या बुटक्या, गच्च कळ्यांच्या कुंड्या असतात त्या दिसायला झकास असतात पण त्यांना बहुतेक वेळा वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. पुढच्या वर्षी औषध उतरतं आणि तेच झाड मांडीएवढं होतं, मग लोक म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं. फसवलं नाहीये, झाडाची मूळ उंचीच तेवढी. अशी कुंडी घेताना दोन-चार फुलं उमललेली आणि बाकीच्या कळ्यांना रंग चढलेला असेल तीच घ्या, नुसत्या हिरव्या घट्ट कळ्यांची घरी आणून बऱ्याचदा उमलतच नाही. पानं उलटून खालून बघा, चिकट लागलं की सोडून द्या. हार-वेणीसाठी पाहिजे असेल तर आपल्याकडची झिप्री किंवा राजा विचारा, झिप्री पिवळी, राजा पांढरी. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीचे पुष्कळ वाण काढलेत, त्यात शेंडा खुडायला नको आणि काठीही लावायला नको असेही आहेत, आळशी माणसाने तसं काही मिळतंय का बघावं. आणि अस्टर म्हणजे शेवंती नव्हे, दुकानात सर्रास गोंधळ होतो. अस्टर बियांवर येतो आणि सीझन संपला की संपतो, शेवंती वर्षानुवर्षं चालते.

कुणाकडे जुनं झाड असेल तर विकत आणायची गरजच नाही. फुलं संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून कापलं की महिन्याभरात बुंध्याच्या आजूबाजूने मातीतून कोवळे फुटवे वर येतात, त्याला काश्या म्हणतात. प्रत्येकीला खाली स्वतःची थोडी मुळं असतात. चाकूने हळूच मुळासकट सोडवायची आणि छोट्या पिशवीत लावायची, एवढंच. मधल्या जुन्या लाकूड झालेल्या बुंध्याचा मोह धरू नका, तो पुढच्या वर्षी धड वाढत नाही. काश्या कमी निघाल्या तर शेंड्याची काडी लावायची, करंगळीएवढी, खालची पानं काढून, ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. धरली की नाही बघायला रोज उपटून पाहू नका (मी पाहायचे), नवीन पान फुटलं म्हणजे धरली.

एप्रिल-मे हा नुसता जीव जगवायचा काळ. दुपारचं ऊन लागणार नाही अशी जागा, सकाळी पाणी, खत नाही. ह्या दोन महिन्यांत झाड मेल्यासारखं दिसतं, टाकून देऊ नका.

मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत हलवायचं. आठ ते दहा इंची कुंडी, तळाला भोकं, भोकावर खापराचा तुकडा. माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, कोकोपीट नाहीतर जाडी वाळू एक भाग आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडीतून पाणी भराभर निघून गेलं पाहिजे हा खरा मुद्दा, बाकी प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. शेवंती पाण्याअभावी कोमेजते पण उठून बसते, चिखलात मुळं कुजली तर मात्र उठत नाही.

आता येतं ते काम जे करताना हात थरथरतो, शेंडा खुडणं. रोप वीतभर झालं, म्हणजे लावल्यापासून साधारण महिन्याने, की वरचा शेंडा दोन पानांसकट नखाने मोडायचा. कात्री नको, कोवळा असतो, टच्कन आवाज येतो आणि बोटांना तो शेवंतीच्या पानांचा कडसर कापरासारखा वास लागतो, साबणाने हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत राहतो. पहिल्या वेळी वाटतं आपण झाडाचं वाटोळं केलं. आठ-दहा दिवसांत बघा, पानांच्या बगलेतून तीन-चार फांद्या फुटलेल्या असतात. त्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. म्हणजे एका काडीच्या चार, चाराच्या बारा, आणि फुलं फांद्यांच्या टोकाला येतात त्यामुळे जेवढी टोकं तेवढी मजा. न खुडलेलं झाड उंच सडपातळ वाढतं, वर चार फुलं येतात आणि पहिल्या वाऱ्याला आडवं होतं. पण ऑगस्टच्या मध्यानंतर खुडणं बंद म्हणजे बंद. पुढे खुडलंत तर कळीच खुडली असं समजा.

पावसाळ्याचं एवढंच की कुंडी जमिनीवर टेकवून ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. संततधार लागली तर पत्र्याच्या किंवा खिडकीच्या आडोशाला सरकवा. खालची पानं काळे-तपकिरी डाग पडून वाळत वर वर चढत असतील तर तो बुरशीचा डागरोग, ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीतच टाकू नका, आणि पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नाही. पाईपने वरून आंघोळ घालायची सवय शेवंतीला महागात पडते. ह्याच दिवसांत दर फांदीला नाही तरी झाडाच्या चार बाजूंना काड्या रोवून सुतळीचा एक वेढा द्या, नंतर झाड पसरल्यावर काडी खुपसायला गेलं की मुळं तुटतात.

खत दर पंधरा दिवसांनी थोडं. शेणाची पातळ स्लरी किंवा गांडूळखत मूठभर, पुरतं. कळ्या दिसल्या की पाला वाढवणारं खत कमी करायचं आणि रंग चढला की बंद. सप्टेंबरात कुणी प्रेमाने युरिया घातला तर झाड परत पाल्यावर जातं, मग अंधार देऊन तरी काय उपयोग.

कळ्यांबरोबर मावा येणारच. बारीक काळे-हिरवे किडे कोवळ्या देठावर दाटीने बसलेले, खालची पानं चिकट. थोडे असतील तर ओल्या बोटाने पुसून काढा, किळस वाटली तरी सगळ्यात चांगला उपाय हाच. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत. उमललेल्या फुलांवर मारू नका, डाग पडतात.

मोठ्या फुलाची जात असेल तर दर फांदीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या बारीक असतानाच काढतात, मग ते एक फूल वाटीएवढं होतं. झिप्रीसारख्या छोट्या फुलांना हे करू नका, तिथे गुच्छच पाहिजे.

आणि मग नोव्हेंबरात एक दिवस सकाळी कळीच्या टोकाला पिवळी रेघ दिसते. पुढे महिना-दीड महिना फुलं चालतात. एखादं फूल काढून नखाने सोडवून बघा, घरात मूल असेल तर त्याला दाखवा, आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक वेगळं फूल असते, आख्खी शेवंती म्हणजे शेकडो फुलांची वस्ती आहे. जपानच्या सम्राटाच्या मुद्रेवर हीच शेवंती आहे, १६ पाकळ्यांची, त्यांच्या पासपोर्टवरही असते. आपल्याकडे ती देवाला आणि डोक्यात.

वेणीसाठी फुलं सकाळी लवकर तोडायची, पूर्ण उमललेली, देठ नखभर ठेवून. केळीचं सोपट भिजवून त्याच्या धाग्याने गुंफली तर देठ कापले जात नाहीत, शिवणाचा दोरा करकचून बांधला की फूल मान टाकतं. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर बुधवारी केलेली वेणी गुरुवारी संध्याकाळपर्यंत आरामात टिकते. फुलदाणीत ठेवणार असाल तर पाण्यात बुडणारी पानं काढा आणि दिवसाआड पाणी बदला, आठ-दहा दिवस कुठे गेले नाहीत. घरात मांजर-कुत्रं असेल तर फुलदाणी उंच ठेवा, त्यांना शेवंती खाल्ली की उलट्या-जुलाब होतात. काहींच्या हातालाही पानांनी खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत. आणि शेवंतीचा चहा असतो हे खरं आहे, चीनमध्ये भरपूर पितात, पण नर्सरीच्या किंवा बाजारच्या फुलांचा करू नका, त्यावर काय काय फवारलंय देव जाणे.

सुकलेली फुलं तोडत राहिलात तर मागच्या कळ्यांना जोर येतो. जानेवारी संपता संपता झाड थकतं, मग परत चार बोटं ठेवून कापायचं की मार्चमध्ये काश्या हजर. एका कुंडीतून मला यंदा अकरा निघाल्या. पाच ठेवल्या, बाकीच्या ओल्या पेपरात गुंडाळून शेजारीपाजारी वाटल्या. तीन खालच्या काकांनी नेल्या. परवा जिना उतरताना बघितलं, त्यांनी त्या पॅसेजमध्ये ट्यूबलाइटच्या खाली ओळीने मांडल्यात आणि शेजारी ताकाची वाटी.