आजारी लहान मूल खातपीत नसेल तेव्हा घरी काय करावे

ताप, सर्दी, उलट्या किंवा जुलाब यांपैकी काहीही झाले की लहान मूल सर्वप्रथम जेवण नाकारते आणि घरातील मोठ्यांचा जीव नेमका तिथेच अडकतो. सकाळपासून पोटात काही गेले नाही ही काळजी स्वाभाविक आहे. परंतु एरवी सुदृढ असलेल्या मुलाने दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा बरेच कमी खाल्ले, तरी सहसा त्याचे काही बिघडत नाही. संसर्गाशी झुंजताना शरीरात जी द्रव्ये तयार होतात ती मेंदूवर परिणाम करून भूकही मंदावतात, त्यामुळे या नकाराला हट्ट समजू नये. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. १० किलो वजनाच्या मुलाला दिवसभरात साधारण १ लिटर द्रव लागतो, आणि ताप, धाप, उलटी किंवा जुलाब असतील तर ही गरज वाढते. म्हणून आजारपणाचे पहिले दोन दिवस वाटीत किती अन्न उरले हे पाहत बसण्याऐवजी पोटात किती द्रव गेला आणि लघवी किती वेळा झाली, हे वेळेसह कागदावर लिहून ठेवावे. माझ्या मते घरच्या शुश्रूषेतील सर्वांत उपयोगी वस्तू हा कागदच आहे, कारण रात्री आळीपाळीने जागणाऱ्या दोघांच्या अंदाजात फार तफावत पडते आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्नही लघवीबद्दलच असतो.

मूल का पीत नाही, हे आधी शोधावे. नाक चोंदलेले तान्हे बाळ चार घोट ओढते आणि श्वासासाठी स्तन सोडून रडते. त्याच्या नाकात पाजण्यापूर्वी काही मिनिटे सलाईनचे, म्हणजे सौम्य मिठाच्या पाण्याचे, नाकासाठीचे थेंब घातले तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. मूल घास तोंडात घेऊन लगेच रडू लागले, लाळ गाळू लागले, तर उजेडात त्याचे तोंड पाहावे. जीभ, हिरड्या किंवा गालांच्या आत फोड असतील, तर आंबट, खारट आणि गरम काहीही देऊ नये. थंड दूध, आंबट नसलेले थंड दही असे पदार्थ त्याला सोसतात. चोखताना किंवा गिळताना कान दुखत असेल तरी मूल पिणे सोडते. मात्र ताप नसताना, खेळता खेळता मुलाने अचानक गिळणे बंद केले, त्याला सारखी लाळ गळू लागली किंवा उबळ येऊ लागली, तर त्याने एखादी वस्तू गिळली असण्याची शक्यता धरावी. घड्याळात किंवा रिमोटमध्ये असते तशी चपटी गोल बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकते, त्यामुळे अशा वेळी घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे.

आता मुख्य काम, म्हणजे पाजण्याचे. आजारी मुलापुढे भरलेला पेला धरला की ते तोंड फिरवते, आणि तहानेने व्याकूळ झालेल्या मुलाने तो पेला घटाघट प्यायला तर बहुधा सगळे उलटून पडते. त्याऐवजी चमचा आणि घड्याळ हाताशी घेऊन बसावे. लहान चमचाभर, म्हणजे ५ मिली द्रव दर दोन मिनिटांनी दिला, तर तासाभरात १५० मिली पोटात जातो. पाहताना हे क्षुल्लक वाटते, पण ८-१० किलोच्या मुलासाठी ही मोठी मिळकत असते. मूल चमच्याला नकार देत असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडावे, घशाकडे थेट पिचकारी मारू नये. मुलाला मांडीवर ताठ बसवावे. आडव्या किंवा रडत असलेल्या मुलाच्या तोंडात काहीही ओतू नये, नाक दाबून तर कधीच पाजू नये, कारण तो द्रव श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग अधिक सावकाश, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, या गतीने पुन्हा सुरुवात करावी. उलटीत सगळेच बाहेर पडले असे वाटले तरी थोडा भाग आत राहिलेला असतो. दोन वर्षांपुढचे मूल कधी स्वतःच्या हाताने पेल्यातून घोट घेते, कधी स्ट्रॉने पिते, कधी बाहुलीला एक आणि स्वतःला एक असा चमच्यांचा खेळ मांडून पिते. जे चालेल ते चालू द्यावे.

काय पाजावे, हे आजारावर अवलंबून आहे. नुसता ताप किंवा खोकला असेल आणि मूल सहा महिन्यांहून मोठे असेल, तर त्याच्या ओळखीचे दूध, पाणी, पातळ सूप यांपैकी काहीही चालते. उलट्या किंवा जुलाब असतील तर शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून ओआरएस, म्हणजेच जलसंजीवनी, द्यावी. आतड्याच्या आतल्या आवरणात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी यंत्रणा असते आणि त्या दोघांमागोमाग पाणीही शोषले जाते; जुलाबातही ही यंत्रणा बहुतेक शाबूत राहते, म्हणूनच साखर व मीठ यांचे नेमके प्रमाण महत्त्वाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या १ लिटर द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे रासायनिक एकक), म्हणजे समसमान असतात. पाकिटावर लिहिलेले सगळे पाणी मोजून घ्यावे, पूड अंदाजाने चिमूटभर टाकू नये, आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. पाकीट मिळेपर्यंत १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून वेळ निभावता येते. मीठ मात्र त्याहून जास्त कधीही घालू नये. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली द्रावण द्यावे. चव आवडत नसेल तर ते थंड करून पाहावे. शीतपेये आणि डब्यातील गोड रस जुलाबात टाळावेत, कारण त्यांतील जादा साखर आतड्यात आणखी पाणी ओढून घेते.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध कोणत्याही आजारात थांबवू नये. कमी वेळ पण वारंवार पाजावे, आणि ओढण्याचे त्राण नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला नुसते पाणी देऊ नये, त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक रीतीने उतरू शकते. वरचे दूधही पाणी घालून पातळ करू नये.

तापाने किंवा वेदनेने मूल त्रासलेले असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे (दर किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तासांचे अंतर, २४ तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत) आणि औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पाजायला बसावे. घसा किंवा तोंड दुखणारी कित्येक मुले याच वेळेत सर्वाधिक पितात. तीन महिन्यांखालील बाळाला हे औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये, जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्याही देऊ नयेत, आणि एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवू नये.

अन्नाबाबत आग्रह सोडावा, पण विचारणे सोडू नये. दर दोन-तीन तासांनी दोन-चार घासांपुरते मऊ, ओळखीचे काहीतरी समोर ठेवावे आणि नको म्हटले तर चेहऱ्यावर नाराजी न आणता उचलून घ्यावे. धरून-बांधून भरवलेला घास उलटीतून बाहेर येतोच, शिवाय बरे झाल्यावरही मूल ताट पाहताच रडू लागते, असे पुष्कळ घरांत घडते. याउलट जुलाब थांबावेत म्हणून उपाशी ठेवणेही चुकीचे आहे. मुलाने मागितले तर नेहमीचे अन्न जरूर द्यावे.

डॉक्टरांकडे कधी न्यावे, याविषयी संकोच बाळगू नये. मूल काहीच पिऊ शकत नसेल, घेतलेले सगळेच उलटत असेल, त्याला झटके आले असतील किंवा ते गुंगीत असून हाक मारूनही नीट जागे होत नसेल, तर ही तातडीची स्थिती आहे. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, जीभ कोरडी पडणे, तान्ह्या बाळाची टाळू खोलगट दिसणे, पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा सावकाश मिटणे, बाळाने सहा तास किंवा मोठ्या मुलाने आठ तास लघवी न करणे, ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. हिरवी उलटी, शौचातून रक्त, थांबून थांबून पोटाशी पाय घेत किंचाळणे, ताठलेली मान आणि दाबूनही न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके यांसाठीही सकाळ होण्याची वाट पाहू नये. मूल शांत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत: दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरल्यास लगेच तपासणी हवी. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप असेल, तर एरवी ते ठीक दिसत असले तरीही त्याच दिवशी, त्याच घटकेला दाखवावे. निघताना तो कागद आणि दिलेल्या औषधांच्या बाटल्या बरोबर घ्याव्यात, आणि मूल शुद्धीवर असून गिळत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवावा.

ताप उतरल्यावर तहान आधी परतते, भुकेला आणखी काही दिवस लागतात. ती परतली की पुढचे दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्यावे, म्हणजे आजारपणात घटलेले वजन भरून येते.