वाजवणाऱ्याचा कान जंगलाच्या कामाला लावायचा तर

साताऱ्यात आज बँड करणारी पोरं बरीच आहेत. त्यातली काही कासच्या वाटेवर भेटतात आणि विचारतात, "काका, बास गिटार वाजवायचं सोडून डोंगराच्या मागे कसे लागलात?" माझं म्हणणं एवढंच की वाजवणाऱ्याला जे येतं, त्यातलं बहुतेक सगळं जंगल वाचवायच्या कामात लागतं: आवाज सुटासुटा ऐकणं, लेव्हल लावणं, वेळ पाळणं, माइकसमोर उभं राहून मोजकं बोलणं. ते कसं वापरायचं ते इथे लिहितो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बास हातात घेतली. कॉलेजची गॅदरिंग, कराड-सांगलीकडचे इंजिनिअरिंगचे फेस्टिव्हल, पुण्यातले कार्यक्रम असं ते चालायचं. मुंबईत धोबी तलावाचं रंगभवन ही आम्हा रॉकवाल्यांची पंढरी. जवळ रुग्णालय आणि कॉलेज असल्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथलं उघड्यावरचं वाजवणं बंद झालं. तेव्हा त्या नियमाचा संताप आला होता. आज तेच ध्वनिप्रदूषण नियम, २००० माझ्या पिशवीत असतात आणि पठाराच्या कडेला स्पीकरच्या भिंती लावणाऱ्यांशी बोलताना मी ते काढून दाखवतो.

आधी ऐकायला बसा

गाणं बसवताना आपण किक आणि बास वेगळी काढून ऐकतो, मग गिटार, मग गळा. जंगलही तसंच थरांनी ऐकायचं. तळाला वारा आणि पाणी, त्यावर किडे, मग बेडूक, सगळ्यांत वर पक्षी. अमेरिकेतले बर्नी क्राउज हे मूळचे संगीतकार, सिंथेसायझर वाजवणारे. पुढे ते जंगलांचे आवाज टिपू लागले आणि त्यांनी मांडलं की नांदत्या जंगलात प्रत्येक जीव आपली पट्टी आणि आपली वेळ धरून असतो, एकमेकांवर चढत नाही. चांगल्या मिक्सची खूण हीच. त्यामुळे कुठली पट्टी रिकामी पडली आहे, हे वाजवणाऱ्याच्या कानाला लवकर कळतं.

कोयनेच्या जलाशयाकडे, बामणोलीच्या अंगाला, मे संपत आला की उजाडायच्या आधी ओढ्याच्या कडेला जाऊन बसा. पहिली दहा मिनिटं काही करू नका, तुम्ही आल्यामुळे गप्प झालेले परत बोलायला लागतील. शीळकरी कस्तूर हा पक्षी अंधारातच सुरू करतो. त्याची शीळ माणसासारखी, थोडी रेंगाळणारी, आणि सम कुठे येणार याचा अंदाज लागू देत नाही. उजाडल्यावर कुटुर्गा तासन् तास एकच ठेका धरतो. संध्याकाळी रातवा, हाही पक्षीच. मधेच भेकर, म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण, भुंकलं, आणि भुंकतच राहिलं, तर बिबट्या किंवा दुसरं काही जवळपास आहे असं समजा आणि वेळ लिहून ठेवा. पावसाच्या पहिल्या सरींनंतरची रात्र फक्त बेडकांची. त्या रात्री गावाच्या वेशीवर बसलात तरी पुरतं.

या सबुरीचं शिक्षण मला मिरजेत मिळालं. बासची नेक तडकली होती, कुणी हात लावेना, म्हणून सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. काम होईपर्यंत बसून राहिलो. शेजारी एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा नाद नीट खुलावा म्हणून तिच्याखालची घोडी घासत होते. घोडीवर कानशीचा एक हलका हात, मग तार छेडायची, मान कलती करून नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकायचं, मग पुन्हा एक हात. तार विरायच्या आत त्यांनी कानशीला हात लावला नाही. मागे फळीवर वाळलेले भोपळे मांडलेले, त्यातला एक उचलून बोटाने टकटक केली आणि कानाशी धरला, मग तो बाजूला काढून ठेवला. काय ऐकलं ते मला कळलं नाही, पण असं ऐकता आलं पाहिजे हे मनात बसलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातलं कार्य असल्यासारखा आनंद झाला.

टिपताना

साधा मोबाइल चालतो. रेकॉर्डिंगचं असं अ‍ॅप घ्या ज्यात वेव्ह फाइल मिळते आणि ऑटो लेव्हल बंद करता येते. ऑटो लेव्हल चालू राहिली तर शांत क्षणी मशीन आवाज वर ओढतं आणि जंगल किती शांत होतं हेच पुसलं जातं. सगळ्यात मोठा आवाज अ‍ॅपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. तो दगडावर किंवा छोट्या ट्रायपॉडवर ठेवून पाच-सहा पावलं मागे व्हा, नाहीतर तुमचा श्वास आणि विंडचीटरची सळसळ सगळ्यात पुढे येते.

खरा शत्रू वारा. कास काय, चाळकेवाडी काय, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आडोसा नाही. माइकवर स्पंज आणि त्यावर लांब केसांचं फरचं कापड शिवून घाला, बुटक्या झुडपाच्या किंवा कातळाच्या आड जमिनीलगत ठेवा. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या बाजूला पवनचक्क्यांची खालच्या पट्टीतली घुमघुम सतत येते. ती काढून टाकू नका, तीही त्या जागेची नोंद आहे. मूळ फाइलला कधीच हात लावायचा नाही. लो कट (खालच्या पट्टीचा आवाज कापणं) वगैरे करायचं ते प्रतीवर.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोला: तारीख, वेळ, गाव, शिवाराचं नाव किंवा गट नंबर, हवा कशी आहे, सोबत कोण आहे. मग किमान पाच मिनिटं न थांबता. आणि याच जागी, याच वेळी, दर महिन्याला. एका सुंदर रेकॉर्डिंगने कुणाचं मत बदलत नाही, पण जून ते जून एकाच जागेची मालिका असली की तिला वजन येतं. पक्षी ओळखणारी अ‍ॅप मदतीला ठेवा, पण अ‍ॅपने नाव सांगितलं म्हणून नोंद करू नका. दुसऱ्या जाणत्या कानाने ऐकलं की मगच लिहा.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. एक, पक्षी जवळ यावा म्हणून स्पीकरवर त्याचाच आवाज वाजवणं. विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून भांडायला येतो आणि पिल्लं उपाशी राहतात. दुसरं, परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आत जायला परवाना लागतो. गावाची हद्द, डांबरी रस्ता, ओळखीच्या माणसाचं शेत एवढ्यातून वर्षभराचं काम होतं.

भजनी मंडळाला गाठा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गावातला पखवाजवाला, पेटीवाला, टाळकरी यांचे कान तुमच्या-माझ्याइतकेच तयार असतात आणि त्यांच्यामागे साठ-सत्तर वर्षांची आठवण असते. एकादशीच्या भजनाला जा, बसा, साथ करा. चहाच्या वेळी एकच प्रश्न विचारा: पूर्वी यायचा आणि आता येत नाही असा आवाज कुठला? जावळीच्या बाजूला एका पखवाजवाल्या आजोबांनी मला सांगितलं की त्यांच्या लहानपणी रानकोंबडा गोठ्याच्या मागेच आरवायचा, आता ओढा ओलांडून वर चढावं लागतं. असं सांगणं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने, नाव आणि सहीसकट लिहून घ्या. हरकतीच्या अर्जाला ते जोडलं की तो अर्ज गावाचा होतो.

कागद

आवाजाची तक्रार सोपी आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. दिवसाही लेखी परवानगी लागते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मोबाइलवरचं मीटर अंदाजापुरतं, प्रमाणित यंत्राने मोजण्याची मागणी अर्जात करा. चालू प्रकाराला ११२ लावा. वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६, आणि तिथे स्वतः आत घुसू नका.

खाण, रस्ता, मोठा प्रकल्प यांची लढाई लांबची असते. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना ३१ जुलै २०२४ ला पुन्हा निघाली, हरकतींना ६० दिवस होते. अशा मुदती गावात कळेपर्यंत निम्म्या सरतात. म्हणून दोघांनी आळीपाळीने राजपत्र आणि स्थानिक वृत्तपत्रातल्या जाहीर नोटिसा बघायच्या असं ठरवून घ्या. हरकत मराठीत लिहा. गाव, गट नंबर, तुमच्या नोंदींच्या तारखा, आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे, हे पहिल्या पानावर आलं पाहिजे. भावना दुसऱ्या पानावर लिहा, पण लिहा नक्की. माहिती अडली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर.

प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी जनसुनावणी हा आपला खरा मंच. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची किमान ३० दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी लागते, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. त्या मूल्यांकनाच्या अहवालाचा गोषवारा मराठीत मिळतो. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत जाऊन तो वाचा. त्यात प्राण्या-पक्ष्यांची यादी कुठल्या महिन्यात केली ते शोधा. पाहणी कोरड्या महिन्यांत झाली असेल तर बेडूक त्यात येणार कुठून? तुमची जूनची फाइल इथे उपयोगाला येते.

बोलायला उठाल तेव्हा माइक तोंडापासून चार बोटं ठेवा, पहिल्या वाक्यात नाव आणि गाव, दुसऱ्या वाक्यात मागणी. तीन मिनिटांच्या वर जाऊ नका. घरी घड्याळ लावून तालीम करा, कार्यक्रमाआधी करायचो तशीच. लिहून आणलेलं भाषण बोलून झाल्यावर अध्यक्षांच्या हातात द्या. रेकॉर्डिंग सभेत वाजवायचा हट्ट धरू नका, मांडवातल्या कर्ण्यातून कस्तूरची शीळ पत्र्यासारखी ऐकू येते आणि मागचे लोक हसतात. पेनड्राइव्ह जोडा, सोबत फाइलची यादी.

आणि शेवटपर्यंत थांबा. बहुतेक माणसं आपलं बोलून झालं की एसटी गाठायला निघतात. सुनावणीचा वृत्तांत शेवटी सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. वाचन चालू असताना तुमचा मुद्दा राहिला असेल तर तिथेच उठून सांगा आणि तो लिहिला जाईपर्यंत बसू नका. निघताना दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तुमच्याकडे, एक भजनी मंडळाच्या पेटीत.