टेकडी, गायरान, ओढा वाचवायचा तर आधी सही शोधा

गावालगतच्या टेकडीला जेसीबी लागला की धावपळ सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार होतो, तहसीलदारांना निवेदन जातं, पेपरात फोटो येतो. दोन महिन्यांनी टेकडी अर्धी झालेली असते आणि निवेदनावर 'पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित' असा शेरा असतो. बैल गेला नि झोपा केला! माणसं कमी पडली म्हणून मोहीम हरली, असं क्वचितच होतं. बहुतेकदा निवेदन ज्याच्या हातात निर्णयच नाही अशा माणसाला दिलेलं असतं, नाहीतर हरकतीची मुदत उलटलेली असते. निर्णयावर सही कोणाची आणि ती कधी होणार, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत बाकीचं सगळं थांबलं तरी चालेल. पुढचा क्रम महाराष्ट्रातल्या गावांसाठी आहे.

जमीन कागदावर कोणाची आहे?

पहिल्या दिवशी सातबारा काढा. महाभूमीच्या पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो. त्यात भोगवटादाराचं नाव, 'इतर हक्क' हा रकाना आणि फेरफार क्रमांक बघा. तलाठ्याकडे गाव नमुना १-अ (वनजमिनी) आणि १-ई (अतिक्रमणं) असतात, तेही मागा. विदर्भात असाल तर निस्तारपत्रक आधी बघा. चराई, सरपण, वाट, पाणी यांचे गावाचे हक्क त्यात लिहिलेले असतात. गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळेल.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. 'गायरान म्हणजे गावची जागा' असं सर्रास म्हटलं जातं. कागदावर ती सरकारची असते, गुरचरणासाठी राखून ठेवलेली. त्यामुळे 'आमची जागा परत द्या' या मागणीला अर्थ उरत नाही; 'राखीव वापर बदलू नका' ही मागणी टिकते. तिच्यामागे आधारही भक्कम आहेत: जमीन महसूल संहितेची कलमं २२ आणि २२-अ, सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आणि त्यानंतरचा राज्य सरकारचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय. निवेदनात या तिन्हींचा उल्लेख तारखेसह करा.

सही कोणाची?

मुरूम आणि दगडाच्या खाणपट्ट्याचा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गौण खनिज शाखेकडे असतो. त्यासाठी लागणारी पर्यावरण मंजुरी वेगळं प्राधिकरण देतं. शेती विभागातली जमीन निवासी किंवा औद्योगिक करायची तर ती फाइल नगररचना विभागातून नगरविकास खात्याकडे जाते. वनजमीन वळवण्याच्या प्रस्तावात केंद्राची मान्यता लागते. पश्चिम घाटाचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयच ठरवतं. एकाच टेकडीसाठी यातल्या दोन-तीन सह्या लागू शकतात. सगळ्या कागदावर मांडा आणि अजून न झालेली सही निवडा. झालेली सही मागे घ्यायला लावण्यापेक्षा व्हायची सही अडवणं कितीतरी सोपं.

माहितीचा अर्ज

सही निवडली की माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाका, कारण उत्तराला ३० दिवस मिळतात. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. लांबलचक अर्ज त्याच कारणाने परत येतात. 'परवानगी का दिली?' असं विचारू नका, त्याला 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असं उत्तर येतं. कागद मागा: अमुक गट क्रमांकाचा उत्खनन परवाना, त्यातलं परिमाण, भरलेलं स्वामित्वधन (रॉयल्टी), स्थळपाहणी अहवाल, टिपणीसह संपूर्ण नस्ती (फाइल). उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. आयोगाकडे वेळ फार जातो, म्हणून सगळी मोहीम त्या एका उत्तरावर टांगून ठेवू नका. नस्ती प्रत्यक्ष बघण्याची मागणीही करता येते. अर्ज तीन-चार वेगवेगळ्या नावांनी जाऊ द्या. एकाच नावावर सगळे अर्ज असले की दबावही त्याच एका घरावर येतो.

परवाना हाती आला की खड्डा मोजा. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ६० फूट लांब, ४० फूट रुंद आणि १० फूट खोल खड्डा म्हणजे २४,००० घनफूट, म्हणजेच २४० ब्रास. परवाना १०० ब्रासचा असेल तर जास्तीच्या १४० ब्रासचा पंचनामा मागा. अवैध उत्खननाला महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मोजताना टेप दिसेल असे, तारीख आणि अक्षांश-रेखांश असलेले फोटो काढा. खोदलेला मुरूम सैल होऊन फुगतो, त्यामुळे ट्रकच्या खेपांचा हिशोब खड्ड्याच्या मापापेक्षा जास्त भरतो. तुलना करताना दोन्ही आकडे वेगळे ठेवा, नाहीतर समोरचा वकील तेवढीच चूक धरून बसेल.

ग्रामसभेचा ठराव

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी या कागदावर उभी राहते आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला पाहिजे. त्यासाठी सभेची नोटीस निघण्याआधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे जुने ग्रामसेवक) यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घुसवलेला ठराव पुढे आव्हानात सापडतो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती. तुम्ही १३० जण तयार ठेवा. सकाळी दहाची सभा बाराला सुरू झाली की तीस माणसं घरी गेलेली असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथेही हाच ठराव मांडून घ्या. चारा-पाण्याची अडचण रोज ज्या बायकांना सोसावी लागते, त्यांच्या सभेचा ठराव नाकारणं पुढाऱ्यांना जड जातं.

ठरावाची भाषा नीट घडवा. 'पर्यावरणाचे रक्षण व्हावे असे सर्वानुमते ठरले' हे वाक्य कोणालाच बांधत नाही. असं लिहा: 'मौजे अमुक येथील गट क्रमांक तमुक, क्षेत्र इतके हेक्टर इतके आर, या गायरान जमिनीवर उत्खननास परवानगी देण्यास ही ग्रामसभा हरकत घेत आहे व पूर्वी दिलेला ना हरकत दाखला रद्द करीत आहे.' खाली सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, बाजूने किती, विरोधात किती. 'पूर्वी दिलेला' हे शब्द उगाच नाहीत. अनेकदा ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत दोन वर्षांपूर्वीच दाखला देऊन झालेला असतो आणि गावाला पत्ता नसतो. मासिक सभांचं इतिवृत्त आधी चाळा.

सभा संपताच इतिवृत्त लिहून, वाचून, सह्या करून घ्या. हजेरीच्या सह्यांवर मोकळी जागा सोडलेली दिसली तर तिथल्या तिथे आडवी रेघ मारायला लावा. सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या.

ठरावाचं वजन सगळीकडे सारखं नसतं. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या गावांची बाजू आणखी भक्कम. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. बिगर अनुसूचित गावात मात्र ठराव बहुतांशी शिफारशीच्या पातळीवर राहतो. तिथे त्याच्या जोडीला हरकती आणि आमदार लागतातच.

हरकत आणि जनसुनावणी

मोठ्या खाणी आणि कारखान्यांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते आणि मराठी सारांशासह मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो. सुनावणीत मतदान होत नाही, गणपूर्तीही नसते. म्हणजे घोषणा देऊन बाहेर पडलात तर कागदोपत्री सुनावणी झाली आणि हरकती नोंदल्याच गेल्या नाहीत. संतापाच्या भरात टाकलेला बहिष्कार बहुतेक वेळा प्रकल्पवाल्याच्याच फायद्याचा ठरतो.

अहवाल घेऊन शिवारात फिरा. 'परिसरात जलस्रोत नाही' असं लिहिलं असेल तर एक किलोमीटरच्या आतल्या विहिरी, बोअर, ओढे गट क्रमांकासह मोजून यादी करा. पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात मोजली ते बघा. पावसाळ्यानंतरचे आकडे मे महिन्याची स्थिती सांगत नाहीत. एका हरकतीत एक मुद्दा, सोबत एक पुरावा. शंभर सह्यांच्या एका छापील अर्जापेक्षा शंभर शेतकऱ्यांचे आपापल्या विहिरीबद्दलचे अर्ज भारी पडतात, कारण प्रत्येकाची दखल घ्यावी लागते.

मसुदा विकास योजना, प्रादेशिक योजनेतला फेरबदल, संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना यांनाही हरकतीची मुदत असते आणि ती नोटिशीतच छापलेली असते. पश्चिम घाटाचा मसुदा मार्च २०१४ ते जुलै २०२४ या काळात सहा वेळा निघाला. शेवटच्या खेपेला हरकतींना ६० दिवस होते. जिल्ह्याच्या आवृत्तीतल्या जाहीर नोटिसा रोज वाचायला गावातल्या एकाला नेमून द्या. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे.

आमदारांना काय सांगायचं?

'साहेब, लक्ष घाला' एवढं सांगून भागत नाही. आमदाराच्या हातात ठरावीक आयुधं आहेत: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा. तारांकित प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या दीड महिना आधी एक पान तयार ठेवा: चार ओळींत प्रकरण, ठरावाची नक्कल, परवान्यातला आणि खड्ड्यातला आकडा, आणि मंत्र्यांना विचारायचे तीन प्रश्न तयार भाषेत. आमदारांच्या स्वीय सहायकाला हे पान आवडतं, कारण त्याचं काम वाचतं. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. कार्यालयात चहा पिताना दिलेल्या शब्दाचं तसं नसतं.

स्थानिक आमदार टाळाटाळ करत असतील तर विधान परिषदेचे सदस्य आणि शेजारच्या मतदारसंघातले आमदारही प्रश्न विचारू शकतात. सत्ताधारी आणि विरोधी, दोघांना तेच पान द्या. व्यासपीठावर एकाच पक्षाचा झेंडा लागला की उरलेलं गाव मागे सरतं. निवडणूक जवळ आली असेल तर आचारसंहितेआधी लेखी आदेश काढून घ्या. नंतर प्रशासन निर्णय लांबवतं आणि हातात नुसती भाषणं राहतात.

मोर्चा काढायचा तर परवानगी काढून आणि वरचे कागद तयार झाल्यावर. जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असतो का ते ठाण्यात विचारा, नाहीतर मागणी बाजूला राहते आणि गुन्हे मागे घेण्यासाठीच दुसरी मोहीम काढावी लागते. फलकावर व्यक्तीचं नाव घालून चोर, दलाल असले शब्द लिहू नका. बदनामीची नोटीस येते ती त्यावरच.

नकाराबरोबर प्रस्तावही द्या

'खाण नको' म्हणणाऱ्या गावाला 'मग या जागेचं काय करणार?' असं विचारलं जातंच. उत्तर लेखी हवं. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती बहुतेक ठिकाणी कागदावर असते. तिची बैठक लावून लोक जैवविविधता नोंदवहीत टेकडीवरची झाडं, गवतं, पक्षी, झरे नोंदवा. जागा खरोखर वेगळी असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव देता येतो. जळगावजवळचं लांडोरखोरी आणि सिंधुदुर्गातली बांबर्ड्याची मायरिस्टिका दलदल याच वाटेने वाचली. साध्या गायरानासाठी चराईबंदीचे पट्टे, समतल चर, ओढ्याचं खोलीकरण ही कामं गावाच्या विकास आराखड्यात घाला. आराखड्यात कामाचं नाव आणि गट क्रमांक आला की ती जमीन 'पडीक' म्हणून दाखवणं अवघड होतं.

सगळे कागद दोन संचांत ठेवा, एक गावात आणि एक तालुक्याला. अधिकारी बदलून जातात. नवे जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार रुजू झाले की पहिल्या पंधरवड्यात तेच एक पान आणि ठरावाची नक्कल घेऊन भेटा, कारण प्रलंबित फाइल समोरचा पक्षही त्याच पंधरवड्यात त्यांच्या टेबलावर ठेवणार असतो.