स्कोपच्या पडद्यावरच्या रेघा : माझा अनुभव

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं पॉवर सप्लाय दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. ऐन पावसाळ्यात डिजिटल स्कोपच्या (ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र) पडद्यावर आडव्या रेघा थरथरू लागल्या. सगळे म्हणाले, फर्मवेअर, म्हणजे स्कोपच्या आतलं सॉफ्टवेअर, नवीन टाक. मी थांबलो, कारण अपडेट चालू असताना लाइट गेली तर चांगला स्कोपही बंद पडू शकतो.

आधी पेनड्राइव्हवर स्क्रीनशॉट घेतला. ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. तो फोटो स्कोपच्या मेमरीतून थेट बनतो, पॅनेलशी त्याचा संबंध नसतो. फोटो एकदम स्वच्छ निघाला! म्हणजे दोष मेमरीच्या पुढे, केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये. प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला वेळ दिला आणि मग झाकण उघडलं. डिस्प्लेच्या रिबन केबलच्या टोकावर हिरवट थर होता. खाडीची दमट हवा, दुसरं काय. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, पूर्ण वाळवून केबल घट्ट बसवली. रेघा गेल्या.

दुसरी तक्रार वेगळी होती. प्रोब (स्कोपची मोजणीची वायर) तपासायला स्कोप स्वतःच देतो त्या १ किलोहर्ट्झ चौकोनी लहरीऐवजी जवळजवळ सपाट, हळू सरकणारी रेघ दिसायची. हा बग नव्हताच. टाइमबेस (पडद्यावरचा एक आडवा चौकोन, म्हणजे डिव्हिजन, किती वेळाचा ते) १ सेकंद प्रति डिव्हिजन, १० डिव्हिजन आणि मेमरी १०,००० पॉइंटची, म्हणजे सेकंदाला फक्त १,००० नमुने. प्रत्येक लहरीचा एकच नमुना, तोही जवळपास त्याच जागी. पीक डिटेक्ट (नमुन्यांच्या मधली सर्वांत वरची आणि खालची पातळीही पकडणारी सोय) चालू करताच पट्टा भरून दिसला. टाइमबेस ५०० मायक्रोसेकंदावर आणल्यावर लहर नीट उभी राहिली.

फर्मवेअरला हात लावावाच लागला नाही.